विश्लेषण : युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी डिजिटल नोंद… मुंबईकर पालक, पर्यटक आणि खलाशांसाठी काय बदलणार?

युरोपात नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहून येणे, हे दादर, परळ, वडाळा परिसरातील अनेक घरांत आता नेहमीचे झाले आहे. आतापर्यंत अशा प्रवासाची नोंद म्हणजे पासपोर्टवरचे दोन शिक्के, एक आगमनाचा आणि एक प्रस्थानाचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने या शिक्क्यांची जागा डिजिटल नोंदीला देण्यास सुरुवात केली. ‘एंट्री/एक्झिट सिस्टीम’ अर्थात ‘ईईएस’ या नावाने ती ओळखली जाते. नियम जुनाच असला, तरी दिवस मोजणारा बदलला आहे. त्यामुळे पूर्वी नजरेआड होणारी एका दिवसाची चूकही आता नोंदीत जाऊ शकते.

‘ईईएस’ नेमकी काय आहे?

अल्पकालीन वास्तव्यासाठी येणाऱ्या, युरोपीय संघाबाहेरील नागरिकांची सीमेवर होणारी ही संगणकीय नोंदणी आहे. प्रवाशाचे नाव, पासपोर्टचा तपशील, चेहऱ्याचे छायाचित्र, बोटांचे ठसे, तसेच प्रवेश आणि निर्गमनाची तारीख व ठिकाण त्यात नोंदवले जाते. प्रवेश नाकारला गेला, तर त्याचीही नोंद होते. युरोपीय संघातील शेंगेन गटाचे २५ देश आणि आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड व लिश्टेनश्टाइन अशा २९ देशांत ती लागू आहे. आयर्लंड आणि सायप्रस त्यात नाहीत. नोंदणीसाठी शुल्क आकारले जात नाही.

या यंत्रणेचा कायदा ३० नोव्हेंबर २०१७ रोजी झाला. पण प्रत्यक्ष अंमलबजावणी वारंवार लांबली. १० नोव्हेंबर २०२४ ही तारीख जवळपास पक्की झाली होती. मात्र जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्सची तयारी पूर्ण नसल्याने तीही रद्द करावी लागली. अखेर एकाच दिवशी सर्वत्र सुरू करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने जाण्याचा मार्ग निवडला गेला आणि पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली.

शिक्का का नको झाला?

शेंगेन क्षेत्रात प्रवासी एका देशातून शिरतो आणि दुसऱ्याच देशातून बाहेर पडू शकतो. पॅरिसला उतरून रोमहून परतणाऱ्या प्रवाशाचा हिशेब लावायचा, तर इटलीतील अधिकाऱ्याला पासपोर्टची पाने उलटून फ्रान्सचा शिक्का शोधावा लागत असे. शिक्का पुसट असेल, एकावर एक उमटला असेल किंवा मारायचाच राहिला असेल, तर हिशेब अडे. पासपोर्ट हरवला तर शिक्केही हरवत. त्याहून मोठी त्रुटी म्हणजे, कोण मुदत संपूनही परतलेले नाही हे शिक्क्यांवरून कळतच नसे. शिक्का प्रवाशाच्या खिशात राहतो, सरकारच्या दप्तरात नाही.

नव्या यंत्रणेत ही माहिती एका केंद्रीय संचात जमा होते. एस्टोनियातील टॅलिन येथे मुख्यालय असलेली ‘ईयू-लिसा’ ही संस्था तो सांभाळते. परवानगीचे दिवस संपले आणि निर्गमनाची नोंद नाही, अशा व्यक्तींची यादी यंत्रणा आपोआप तयार करते. युरोपने शिक्के सोडण्यामागचे खरे कारण हेच आहे.

भारतीयांसाठी प्रक्रिया वेगळी आहे का?

आहे, आणि हा फरक अनेक प्रवाशांच्या लक्षात येत नाही. अमेरिकी, ब्रिटिश किंवा जपानी नागरिकांना शेंगेनसाठी अल्पकालीन व्हिसा लागत नाही. त्यामुळे त्यांचे चार बोटांचे ठसे आणि छायाचित्र सीमेवरच घेतले जाते. भारतीयांना व्हिसा लागतो आणि अर्ज करताना दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. भारतात ही पद्धत नोव्हेंबर २०१५ पासून सुरू आहे. हे ठसे व्हिसा माहिती प्रणालीत असतात आणि ५९ महिन्यांपर्यंत पुढील अर्जासाठी पुन्हा वापरता येतात. म्हणून भारतीय प्रवाशाच्या ‘ईईएस’ नोंदीत छायाचित्र साठवले जाते, तर ठसे केवळ व्हिसाच्या नोंदीशी पडताळले जातात. १२ वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत, छायाचित्र मात्र घेतात. बायोमेट्रिक देण्यास नकार दिल्यास प्रवेश नाकारला जातो.

काही विमानतळांवर प्रवाशाने स्वतः माहिती भरायची यंत्रे आहेत. ती वापरायला चिप असलेला पासपोर्ट लागतो. भारतात असे ई-पासपोर्ट अलीकडेच टप्प्याटप्प्याने देण्यास सुरुवात झाली आहे. जुना पासपोर्ट मुदतीपर्यंत पूर्ण वैध आहे. फक्त त्यासाठी अधिकाऱ्याच्या खिडकीसमोर रांग लावावी लागते.

तिकडे नोकरी किंवा शिक्षणासाठी निवास परवाना अथवा दीर्घकालीन राष्ट्रीय व्हिसा असलेल्यांना ‘ईईएस’ लागू नाही. म्हणजे म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीची नोंद होणार नाही, पण तिला भेटायला जाणाऱ्या आई-वडिलांची होईल.

९० दिवसांचा हिशेब कुठे चुकतो?

कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, असा हा नियम आहे. येण्याचा आणि जाण्याचा, असे दोन्ही दिवस मोजले जातात. ‘सहा महिन्यांत तीन महिने’ असा त्याचा सोपा अर्थ लावला जातो आणि गफलत तिथेच होते. हे १८० दिवस जानेवारी-जून किंवा जुलै-डिसेंबर असे ठरलेले नाहीत. वास्तव्याच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे असतात. ही चौकट रोज एक दिवस पुढे सरकते.

एक उदाहरण पाहू. वडाळ्यातील एखादे निवृत्त दाम्पत्य १ मे २०२६ रोजी मुलीकडे म्युनिकला गेले आणि १४ जुलैला परतले. हे ७५ दिवस झाले. आता दिवाळी तिच्याकडे करावी म्हणून त्यांना पुन्हा जायचे आहे. ते १ ऑक्टोबरला पोहोचले, तर मागचे १८० दिवस ५ एप्रिलपासून सुरू होतात. आधीचे सर्व ७५ दिवस त्यात येतात, शिल्लक राहतात १५. म्हणजे १५ ऑक्टोबरला त्यांनी युरोप सोडायला हवा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे.

हेच दाम्पत्य १३ ऑक्टोबरला पोहोचले तर? पहिले १५ दिवस २७ ऑक्टोबरला संपतात. २८ ऑक्टोबरला चौकटीची सुरुवात २ मेवर सरकते आणि १ मे हा दिवस हिशेबातून गळतो. त्यानंतर रोज एक नवा दिवस वाढतो, तेव्हा जुना एक कमी होतो. बेरीज ९० च्या वर जातच नाही आणि त्यांना सलग ९० दिवस, म्हणजे १० जानेवारीपर्यंत राहता येते. तिकीट १२ दिवस पुढे ढकलले, एवढाच फरक. पण एका प्रवासात १५ दिवस मिळतात, दुसऱ्यात ९०.

याशिवाय व्हिसावर लिहिलेली मुदत आणि दिवसांची संख्या वेगळी पाहावी लागते. व्हिसा ३० दिवसांचा असेल, तर ९० दिवसांचा नियम मदतीला येत नाही. उलट पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा असला, तरी एका वेळच्या मुक्कामाला ९०/१८० ची मर्यादा राहतेच. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे हवे तितके दिवस राहण्याची मुभा, हा गैरसमज सर्वात महागात पडणारा आहे.

मुदत ओलांडली तर काय होते?

दंड, परत पाठवणी, ठरावीक काळासाठी प्रवेशबंदी अशा तरतुदी प्रत्येक देशाच्या कायद्यात वेगवेगळ्या आहेत. पूर्वी एखाद-दुसरा दिवस जास्त झाला, तर तो अधिकाऱ्याच्या लक्षात येईलच असे नसे. लक्षात आले तरी सौम्यपणे घेणे किंवा न घेणे त्याच्या हाती असे. आता खिडकीवर पासपोर्ट वाचला जाताच उरलेले किंवा ओलांडलेले दिवस पडद्यावर दिसतात. अधिकारी समजूतदार निघाला तरी नोंद राहते.

साधारणपणे प्रवेश-निर्गमनाची नोंद तीन वर्षे ठेवली जाते. निर्गमनाची नोंदच नसेल, तर ती पाच वर्षे राहते. याचा थेट संबंध पुढच्या व्हिसाशी आहे. युरोपीय आयोगाने १८ एप्रिल २०२४ रोजी भारतीयांसाठी व्हिसाचे सवलतीचे नियम लागू केले. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळून ते नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा आणि त्यानंतर सामान्यतः पाच वर्षांचा, अशी ही चढती पायरी आहे. ‘नियमानुसार वापरले’ हे सिद्ध करायला आतापर्यंत शिक्के होते, आता ‘ईईएस’ची नोंद असेल. शिस्तीत प्रवास करणाऱ्यांना त्याचा फायदा आहे. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज झाले आणि त्यातील सुमारे १५ टक्के नाकारले गेले. अशा वेळी स्वच्छ नोंद ही अर्जाची जमेची बाजू ठरते.

यंत्रणेचीच चूक झाली तर?

हा यातला सर्वात नाजूक भाग आहे. निर्गमनाची नोंद काही कारणाने झाली नाही, तर प्रत्यक्षात मुंबईत परतलेला प्रवासी युरोपच्या लेखी तिथेच राहिलेला असतो. नोंद नसणे म्हणजे मुदतभंग, असे यंत्रणा गृहीत धरते. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी व्यवहारात प्रवाशावर येते.

कायद्याने त्यासाठी वाट ठेवली आहे. आपल्याविषयी कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि बेकायदा साठवलेली माहिती पुसून घेण्याचा हक्क प्रवाशाला आहे. निर्गमनाचा अन्य पुरावा देता येतो. म्हणूनच परतीचा बोर्डिंग पास, भारतात उतरल्याचा मुंबई विमानतळावरील शिक्का आणि तिकीट किमान पुढच्या व्हिसापर्यंत जपून ठेवणे शहाणपणाचे. आजारपण, रुग्णालयात दाखल होणे किंवा विमान रद्द होणे यामुळे मुक्काम लांबला असेल, तर त्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे मुदत संपण्याआधीच अर्ज करून लेखी मुदतवाढ घ्यावी. विमानतळावर पोहोचल्यावर सांगितलेले कारण तोवर नोंदीत गेलेले नसते.

सुरुवातीचा काळ म्हणूनही जपण्याचा आहे. अंमलबजावणीच्या पहिल्या सहा महिन्यांत काही नाक्यांवर डिजिटल नोंद, तर काही ठिकाणी केवळ शिक्का अशी सरमिसळ होती. त्या काळात प्रवास केलेल्यांनी शिक्के असलेला पासपोर्ट, तो जुना झाला तरी, टाकून देऊ नये.

रांगांचा प्रश्न किती गंभीर?

पहिल्या नोंदणीला शिक्क्यापेक्षा जास्त वेळ लागतो. युरोपातील विमानतळांची संघटना ‘एसीआय युरोप’ने डिसेंबर २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, काही ठिकाणी तपासणीचा वेळ ७० टक्क्यांपर्यंत वाढला आणि गर्दीच्या वेळी तीन तासांपर्यंत थांबावे लागले. लिस्बन विमानतळावर तर डिसेंबरअखेर ही यंत्रणा तीन महिन्यांसाठी स्थगित करावी लागली.

मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे जाणाऱ्यांसाठी याचा व्यावहारिक अर्थ असा : शेंगेन क्षेत्रातील पहिल्या विमानतळावरच तपासणी होते, अंतिम ठिकाणी नव्हे. फ्रँकफर्टला उतरून तासाभरात प्रागचे विमान पकडायचे असेल, तर ते सुटण्याची शक्यता मोठी आहे. दोन विमानांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे, विशेषतः ज्येष्ठ नागरिकांनी, आवश्यक झाले आहे. लंडनहून युरोस्टारने पॅरिसला जाणाऱ्या भारतीयांची नोंद मात्र ब्रिटनची भूमी सोडण्यापूर्वीच, लंडनच्या स्थानकात होते.

खलाशांना हा नियम कसा लागू होतो?

मुंबई बंदर प्राधिकरणाचे रुग्णालय आणि कामगारांची वसाहत असलेल्या वडाळा परिसराचे बंदराशी जुने नाते आहे. कोकणातून मुंबईत येऊन बोटीवर गेलेल्यांची परंपराही जुनी आहे. जहाज युरोपीय बंदरात लागले असताना बंदराच्या हद्दीत उतरणाऱ्या खलाशांना ‘ईईएस’ लागू नाही. पण जहाजावर रुजू होण्यासाठी विमानाने अ‍ॅमस्टरडॅमला उतरून रॉटरडॅम गाठणाऱ्या खलाशाचे दिवस विमानतळावरच सुरू होतात.

ते थांबतात केव्हा, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता. रॉटरडॅममध्ये दीर्घकाळ नांगरलेल्या जहाजांवर रुजू झालेल्या खलाशांना बंदर पोलिसांनी निर्गमनाचा शिक्का नाकारला. जहाजावर चढलो म्हणजे युरोप सोडला, असे खलाशांचे म्हणणे होते. ५ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला, की जहाजावर रुजू होणे म्हणजे निर्गमन नव्हे. जहाज लवकरच निघणार असल्याचे कप्तानाने कळवल्यानंतरच निर्गमन धरता येईल. म्हणजे बंदरातच दुरुस्तीसाठी उभ्या जहाजावर काढलेले आठवडेही ९० दिवसांतून वजा होऊ शकतात. हे दिवस आता यंत्रणा मोजणार असल्याने, पुढच्या करारासाठी पुन्हा युरोपातून रुजू होताना खलाशाला आणि त्याला पाठवणाऱ्या कंपनीलाही आधीचा हिशेब पाहावा लागेल.

ही माहिती कोणाच्या हाती जाते?

सीमा, व्हिसा आणि स्थलांतर विभागांना ती पाहता येते. दहशतवाद आणि गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी ठरावीक अटींवर पोलीस तसेच ‘युरोपोल’लाही ती उपलब्ध आहे. विमान कंपन्यांना तपशील दिसत नाही. एक किंवा दोन प्रवेशांच्या व्हिसाधारकाने ते प्रवेश आधीच वापरले आहेत का, याचे ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढेच उत्तर त्यांना मिळते. त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा वापरून झालेल्या प्रवाशाला मुंबईच्या चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावे लागू शकते.

ज्यांनी कोणताही गुन्हा केलेला नाही, अशा कोट्यवधी प्रवाशांचे चेहरे वर्षानुवर्षे साठवणे कितपत योग्य, असा आक्षेप खासगीपणाच्या हक्कासाठी काम करणाऱ्यांनी घेतला आहे. मुदतीनंतर राहणारे बहुतेक जण वैध मार्गानेच आत आलेले असतात आणि ते कोण हे कळल्याशिवाय नियमाला अर्थ नाही, ही युरोपची बाजू. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. मात्र मतदानाचा हक्क नसलेल्या परदेशी प्रवाशाला या वादात आवाज नसतो. त्याच्यासाठी पर्याय दोनच उरतात, चेहरा द्या किंवा जाऊ नका.

भारतात परदेशी पाहुण्यांची नोंद कशी होते?

युरोप एकटा नाही. अमेरिकेने २६ डिसेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचे प्रवेशाबरोबर निर्गमनाच्या वेळीही छायाचित्र घेण्याची तरतूद लागू केली. भारतातही १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५’ लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे त्याने रद्द केले. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी आगमन पत्रिकेऐवजी परदेशी प्रवाशांनी येण्यापूर्वीच्या ७२ तासांत ऑनलाइन ‘ई-अरायव्हल कार्ड’ भरायचे असते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी, नोकरी, वैद्यकीय यांसारख्या व्हिसावर आलेल्यांना १४ दिवसांत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. मुंबईत हे कार्यालय सेंट झेवियर्स महाविद्यालयामागे बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर आहे आणि बरीचशी कामे आता ऑनलाइन होतात.

एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. युरोपची नोंद सीमेवर संपते. भारतात ती मुक्कामाच्या जागेपर्यंत येते. परदेशी नागरिकाला राहायला जागा देणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती कळवायची असते. ‘सी फॉर्म’ या नावाने ती परिचित आहे. ही जबाबदारी फक्त हॉटेलांची नाही. परळमध्ये टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी रुग्णांना खोल्या देणारी अतिथिगृहे, धर्मशाळा, वसतिगृहे, रुग्णालये आणि परदेशी पाहुणा उतरवून घेणारे खासगी घरही त्यात येते. वडाळ्यातील सदनिका काही आठवड्यांसाठी परदेशी व्यक्तीला देणाऱ्या अनेक मालकांना याची कल्पना नसते.

परतणाऱ्या भारतीयांसाठी मात्र यंत्रणेची दुसरी, सोयीची बाजू आहे. जानेवारी २०२५ पासून मुंबई विमानतळावर ‘एफटीआय-टीटीपी’ या योजनेत नोंदणी केलेल्या भारतीय आणि ओसीआय कार्डधारकांना ई-गेटमधून जाता येते. ही नोंदणी ऐच्छिक आणि विनामूल्य आहे.

पुढे काय?

व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी युरोप ‘एटियास’ ही २० युरो शुल्काची पूर्वपरवानगी आणणार आहे. ती २०२६ च्या अखेरच्या तिमाहीत सुरू करण्याचे नियोजन आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन जाणाऱ्यांना ती लागू नाही. पण ब्रिटिश किंवा अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांना लागेल. एकाच घरातील आजी-आजोबांना व्हिसा आणि नातवाला ‘एटियास’, अशी स्थिती येईल. ‘एटियास’च्या नावाने भारतीयांकडून पैसे मागणारी संकेतस्थळे आढळल्यास ती फसवणूक समजावी. त्यापुढील टप्प्यात व्हिसाचा कागदी स्टिकरही जाऊन त्याची जागा डिजिटल व्हिसा घेणार आहे.

म्हणजे काही वर्षांत पासपोर्टमध्ये ना व्हिसा दिसेल, ना शिक्का. किती दिवस राहिलो आणि किती उरले, हे प्रवाशाला स्वतःच्या हातातील कागदावरून कळणार नाही. युरोपीय आयोगाने दिवस मोजण्याचा गणक संकेतस्थळावर दिला आहे. तिकीट काढण्याआधी तो वापरणे आणि आपल्या तारखांची वही स्वतः ठेवणे, हाच तूर्त खात्रीचा मार्ग आहे.